जिवाणूंचा कोरम

जमातीची सभा भरते, माणसे मोजली जातात आणि कोरम झाला नाही म्हणून ठराव पुढे ढकलला जातो. हे आपल्या ओळखीचे आहे. जिवाणूही अशीच डोकी मोजतात हे प्रथम वाचले तेव्हा आम्हाला ती थट्टाच वाटली होती.

समुद्रात चमकणारे काही जिवाणू आहेत. विरळ असताना ते उजेड पाडत नाहीत. दाटी झाली की सगळे एकदम उजळतात. १९७० साली अमेरिकेतील नील्सन आणि हेस्टिंग्ज यांनी दाखवून दिले की हे जिवाणू स्वतःच एक पदार्थ बाहेर सोडतात. तो पुरेसा साठला की कोरम पुरा! हा पदार्थ म्हणजे नेमका कोणता रेणू, हे कळायला मात्र १९८१ साल उजाडले.

दुसऱ्या एका संदेशाने तर संशोधकांना चांगलेच दमवले. नेहमीच्या रीतीने तो शुद्ध करता येईना. तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठातील बॉनी बॅसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटी वाट धरली. हा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाचेच त्यांनी स्फटिक केले आणि क्ष-किरणांनी आत पाहिले. कुलपात अडकलेली किल्ली सापडावी तसा रेणू आत बसलेला! २००२ साली जाहीर झालेल्या या शोधात आश्चर्य निघाले ते बोरॉनचे. कॅरमवर आपली मुले जी बोरिक पावडर टाकतात, तिच्यातलेच हे मूलद्रव्य.

पण आमच्या मते सर्वांत मोलाची गोष्ट पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची आहे. इतर अनेक रोगजंतू संख्या वाढली की हल्ला चढवतात. कॉलऱ्याचा जंतू उलटा वागतो. तो थोडा असताना आतड्याला चिकटून विष सोडतो आणि गर्दी झाली की विष थांबवून जुलाबांबरोबर बाहेर पडतो, पुढचे घर शोधायला. त्याचा मुख्य संदेश २००७ साली ओळखला गेला. संदेश बनवणारे जनुक त्यासाठी निरुपद्रवी जिवाणूत घालून त्याच्याकडून तो तयार करून घेतला होता.

मग प्रश्न आला, जंतूला हा संदेश आपणच आधी ऐकवला तर? गर्दी झाल्याचा समज होऊन तो विष आवरेल का? २०१० साली कॉर्नेल विद्यापीठात हा संदेश बनवणारे निरुपद्रवी जिवाणू उंदरांच्या पिल्लांना आधी पाजले आणि नंतर कॉलऱ्याचे जंतू दिले. न पाजलेल्या पिल्लांपेक्षा त्यांतली कितीतरी अधिक जगली.