पुण्याच्या मैदानात रेवामाई

‘रॉक बँड’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वाढलेले केस, फाटक्या जीन्स, कानठळ्या बसवणारा धांगडधिंगा आणि न कळणारं इंग्रजी. मैत्रिणींनो, मी ज्या बँडची कॉलेजपासून फॅन आहे (हो, आमच्या शहाद्यातही फॅन असतात!) त्या दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’बद्दल यातलं एकच खरं आहे. एकाचे केस वाढलेले आहेत. तेही आता पांढरे.

हा बँड सुरू झाला १९९० मध्ये. सुश्मित सेन गिटार वाजवायचे आणि असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे. पुढे बेस गिटारवर राहुल राम आणि ड्रम्सवर अमित किलम आले. अशा बँडना ‘इंडी’ म्हणतात. म्हणजे सिनेमाच्या फर्माइशीवर न चालता आपलं गाणं आपण बांधायचं आणि गावोगाव वाजवत फिरायचं. आपल्या शाहिरांचंच की हे! २००० साली त्यांचा ‘कंदिसा’ आला. पुण्यात हॉस्टेलला असलेल्या मावसबहिणीने त्याची कॅसेट मला दिली होती. ती टेप गुंडाळण्यासाठी किती पेन्सिली फिरवल्या असतील!

पण प्रत्यक्ष ऐकण्याचा योग काही येत नव्हता. लग्न, मुलं, सासूबाईंचं आजारपण, मग बचत गटाची कामं. दरम्यान २००९ च्या डिसेंबरमध्ये असीम चक्रवर्ती गेले, २०१३ मध्ये सुश्मित सेन बँडमधून बाहेर पडले. आता काय ऐकायचं राहिलं, असं वाटायला लागलं होतं. अशात मागच्या थंडीत पुण्याला शिकणाऱ्या लेकीचा फोन आला, “आई, तुझा बँड येतोय. तिकीट काढू का?” घरात, शेजारी सगळीकडे एकच प्रश्न, “या वयात?” ह्यांनी मात्र मुकाट्याने रात्रीच्या एसटीचं रिझर्वेशन करून आणलं.

मोकळं मैदान होतं, खुर्च्या नाहीत. तीन तास उभं राहायचं. (बायकांच्या स्वच्छतागृहापुढची रांग जत्रेतल्यापेक्षा मोठी होती, त्यावर वेगळा लेख होईल.) आजूबाजूला सगळी लेकीच्या वयाची मुलं. मी साडी नेसले होते. वाटलं, सगळे आपल्याकडे बघतायत. पण पहिला बेसचा सूर वाजला नि ते सगळं विसरायला झालं. कॅसेटवर बेस कानाला ऐकू येतो, इथे तो बरगड्यांत घुमतो. पायाखालची माती थरथरते. ड्रम्सच्या शेजारी तबला, आणि मधेच अमित किलमने काखेत धरलेली गाबगुबी. बंगालचे बाऊल वाजवतात ते एकतारी वाद्य. आपल्या वासुदेवाच्या हातात शोभेल असं!

‘कंदिसा’ गाणं सुरू झालं तेव्हा पोरांनी डोळे मिटून घेतले. केरळमधल्या सीरियन ख्रिश्चनांची ही जुनी प्रार्थना, सिरियॅक भाषेतली. तिथे कुणालाही एक शब्द कळत नसणार. मलाही कधी कळला नाही. तरी देवघरात बसल्यासारखं वाटतं. कबीराचं ‘झीनी’ मला मात्र थोडं घाईचं वाटलं. कुमार गंधर्वांचा कबीर कानात बसलेल्यांना दुसरा कबीर पटकन रुचत नाही, त्याला इलाज नाही.

आणि मग ‘मा रेवा’.

हे नर्मदाकाठचं पारंपरिक गाणं. राहुल राम अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषांवर डॉक्टरेट करून आले आणि नव्वदच्या दशकात काही वर्षं नर्मदा आंदोलनात, खोऱ्यात राहिले. तिथलं गाणं ते बँडमध्ये घेऊन आले. त्या रात्री हजारएक पोरं हात वर करून नर्मदेचं नाव घेत उड्या मारत होती. माझी लेकसुद्धा. आणि मी एकदम थांबले.

कारण मी रेवानगरला जाते. तळोदा तालुक्यातली ही पुनर्वसनाची वसाहत. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली तेहतीस गावं आली, सगळी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. २०१९ च्या पावसाळ्यात धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं, १३८.६८ मीटर. गावाचं नाव रेवानगर, पण रेवा राहिली सातपुड्याच्या पलीकडे. अलीकडे नळ.

नाचणाऱ्या पोरांचा राग आला का? क्षणभर आला, खोटं कशाला सांगू! यांना काय ठाऊक, ही नदी कुणाच्या उंबऱ्यात शिरली ते. पण त्यांनी तरी काय करायचं? गाणं नाचायला लावणारंच आहे. नदीचं कौतुक आहे ते, रडगाणं नाही. आणि ते गाणं पंचवीस वर्षं वाजत राहिलं नसतं, तर माझ्या लेकीने मध्यंतरानंतर विचारलं असतं का, “आई, तू जातेस त्या बायका याच नदीवरच्या ना?” इतकी वर्षं मी घरी त्यांच्याबद्दल बोलते आहे. तिने हे पहिल्यांदाच विचारलं.

पुढच्या महिन्यात गटाच्या बैठकीला गेले तेव्हा मोबाइलवर ते गाणं लावलं. बायका दाटीवाटीने जवळ सरकल्या. गटातली सर्वांत म्हातारी आजी लुगड्याचा पदर कानामागे घेऊन ऐकत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, “हे आमचं नाही बाई. हे तिकडच्या मध्य प्रदेशवाल्यांचं. आमची वेगळी.” मग थोडं थांबून, “पण नाव तिचंच घेतात.”

गाणाऱ्यांतला एक जण तिकडे राहून गेला आहे, असं मी सांगितलं. तिला त्याचं फार काही वाटलं नाही. “राहिले पुष्कळ,” म्हणाली. मग दोघी-तिघींना बोलावून तिने त्यांचं गाणं सुरू केलं. पावरीतलं, संथ, एकीने ओळ टाकायची नि बाकीच्यांनी उचलायची. तरुण सुनांना ते येत नव्हतं. त्यातल्या एकीने माझ्याच मोबाइलवर ते रेकॉर्ड केलं आणि मला म्हणाली, “ताई, हे मला पाठवा.”

पाठवलं. मग चटई झटकून आम्ही हप्ते गोळा करायला बसलो.