साक्षीदाराचा माइक वेगळा हवा

नागापूरच्या एमआयडीसीत माझं साउंडचं वर्कशॉप आहे. युनियनच्या वाटाघाटी, सोसायट्यांच्या वार्षिक सभा रेकॉर्ड करतो. माणसं तिथे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, त्यामुळे कोर्टातल्या रेकॉर्डिंगची अडचण मला सांगावी लागत नाही. साक्षीदार 'हो' म्हणतो, त्याच क्षणी वकील 'ऑब्जेक्शन' म्हणत उठतात. दोन्ही आवाज एकाच माइकवर पडले, की ते नंतर खात्रीनं सुटे करता येत नाहीत.

21 फेब्रुवारी 2023ला सुप्रीम कोर्टात तोंडी युक्तिवाद संगणकाकडून लगोलग लिहून घ्यायला सुरुवात झाली, तीही आपल्या शिवसेनेच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत. दोघे एकदम बोलले तर काय, ही शंका तेव्हाच निघाली होती. माझं उत्तर सरळ आहे: न्यायाधीश, साक्षीदार, दोन्ही वकील, चौघांना चार माइक आणि चार चॅनेल. ऐकताना वकिलांचा चॅनेल बंद करा, 'हो' बराच स्वच्छ ऐकू येतो.

मग फाइल फुगते. डब्ल्यूएव्ही म्हणजे आवाजाची कच्ची मोजणी. सेकंदाला 48,000 मोजण्या, 16 बिट, चार चॅनेल, असा हिशेब धरला तर तासाला सुमारे 1.4 जीबी होतात. साध्या डब्ल्यूएव्हीची मर्यादा 4 जीबी, म्हणजे तीन तासांच्या जरा पुढे गाडी अडते. शिवाय या फाइलची लांबी बहुधा रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहिली जाते. मध्येच लाइट गेली, की आवाज डिस्कवर असूनही फाइल अनेकदा उघडत नाही. (यूपीएसला पैसे घाला, हे मी प्रत्येकाला सांगतो.) नुसत्या बोलण्याला 16,000 मोजण्याही पुरतात, मग चार चॅनेलचा तास 460 एमबीत बसतो.

एमपी3चा मोह इथेच होतो. पण नेहमीच्या एमपी3त दोनच चॅनेल मावतात. चौघांना त्यात कोंबायचं तर आवाज मिसळावे लागतात. वर तो मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला कळणार नाही असं धरून टाकून देतो. गाण्यात चालेल, साक्षीत तो बारीक आवाजच कामाचा असू शकतो.

फ्लॅक हा फाइलचा प्रकार मात्र गादीची गुंडाळी केल्यासारखा आहे: उलगडला की एकही बिट कमी नाही. साधारण निम्म्या जागेत बसतो, आठ चॅनेलपर्यंत घेतो. कोर्टात बहुतेक वेळ एकच जण बोलतो, बाकीचे माइक शांत असतात; शांत चॅनेल तर आणखी आकसतो. म्हणून चार माइकचा खर्च चौपट होत नाही. ऐकायची प्रत ओपसमध्ये करा. 2012चं हे तंत्र व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस मेसेजमुळे आपल्या ओळखीचं आहे. चॅनेलला 24 केबीपीएस दिले, तर चौघांचा तास 43 एमबीत येतो.

फाइल पुरावा म्हणून द्यायची तर कायदाही पाहावा लागतो. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 2020मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमतही, म्हणजे तिच्या बिटांवरून काढलेला ठशासारखा आकडा, लिहावी लागते. फाइल एमपी3 केली, की ती किंमत बदलते. तेव्हा वकील मंडळी, मूळ फाइलची हॅश आधी काढून ठेवा आणि कापाकापी, आवाज वाढवणं जे काय करायचं ते नकलेवर करा.