महानगराखालील भूकंप : स्थान, खोली व परिमाण यांची निश्चिती

प्रस्तावना :
दि. 17 फेब्रुवारी 2025 रोजी पहाटे 5 वाजून 36 मिनिटांनी दिल्ली शहर हादरले. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने या भूकंपाचे परिमाण 4.0, नाभीची खोली 5 किलोमीटर आणि अपिकेंद्र, म्हणजे नाभीच्या थेट वरचा भूपृष्ठावरील बिंदू, धौला कुआँ परिसरात असल्याचे जाहीर केले. दि. 26 ऑक्टोबर 2015 रोजी हिंदुकुश पर्वतातील 7.5 परिमाणाच्या भूकंपानेही दिल्ली हादरली होती. त्यात सुमारे पावणेदोन लक्ष पट ऊर्जा मुक्त झाली. परंतु त्याची नाभी हजार किलोमीटर दूर व 200 किलोमीटरहून अधिक खोल होती. परिमाणाची संख्या एकटी पुरेशी नसते, हे यावरून स्पष्ट होते. या तिन्ही संख्या कशा काढल्या जातात आणि त्यांपैकी खोली सर्वांत कठीण का ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्थान :
नाभीपासून प्राथमिक व दुय्यम असे तरंग निघतात. भूकवचाच्या वरच्या भागातील कठीण खडकांत त्यांचा वेग सेकंदाला अनुक्रमे सुमारे 6 व 3.5 किलोमीटर असतो. त्यामुळे दोहोंच्या आगमनात एक सेकंदाचा फरक असल्यास नाभी सुमारे 8 किलोमीटर अंतरावर असते. तीन भूकंपमापन स्थानकांवरून अशी अंतरे मिळाली की अपिकेंद्र निश्चित करता येते. आज संगणक एक स्थान गृहीत धरून तरंगांच्या अपेक्षित वेळा काढतो आणि प्रत्यक्ष नोंदींशी असलेला फरक किमान होईपर्यंत ते स्थान बदलत जातो.

खोली :
अपिकेंद्रापासून 50 किलोमीटरवरील स्थानकाचा विचार करू. नाभी 5 ऐवजी 15 किलोमीटर खोल असली, तरी तेथे दोन तरंगांमधील कालांतर केवळ पाव सेकंदाने वाढते. अपिकेंद्रावरच असलेल्या स्थानकावर मात्र ते सुमारे 1.2 सेकंदांनी वाढते. म्हणूनच उथळ भूकंपाची खोली ठरविण्यास जवळचे स्थानक अनिवार्य असते. महानगरात वाहने, रेल्वे व यंत्रे यांच्या कंपनांत क्षीण तरंगांचा आरंभ झाकला जातो. शिवाय दिल्लीत एकीकडे क्वार्टझाइटचा कठीण कटक, तर दुसरीकडे यमुनेचा मऊ गाळ आहे. गाळात विशेषतः दुय्यम तरंग मंदावतात. हा विलंब हिशेबात न धरल्यास खोली चुकते. पुरेशा नोंदींअभावी जागतिक सूच्यांमध्ये खोली अनेकदा 10 किलोमीटर अशी गृहीत धरली जाते. अशी संख्या मापन समजणे योग्य नव्हे.

परिमाण :
चार्ल्स रिश्टर यांनी 1935 मध्ये मांडलेल्या श्रेणीत एका एककाच्या वाढीने तरंगांचा आयाम 10 पट, तर ऊर्जा सुमारे 32 पट होते. मोठ्या भूकंपांसाठी आता हँक्स व कानामोरी यांचे 1979 मधील आघूर्ण परिमाण वापरतात. गाळावरील स्थानकात आयाम वर्धित होत असल्याने स्थानकनिहाय दुरुस्ती करून सरासरी घ्यावी लागते.

समारोप :
नाभी नेमक्या कोणत्या भ्रंशावर आहे, हे खोलीवाचून कळत नाही; आणि भ्रंश कळल्यावाचून नगररचनेला धोक्याचा अंदाज बांधता येत नाही. टोकियो परिसरात सुमारे 300 भूकंपमापक 20 मीटर खोल विवरांत बसविले आहेत, ते नागरी कंपने टाळण्यासाठीच. महानगराखालील भूकंपाची अचूक निश्चिती अखेर संगणकापेक्षाही शहरातील स्थानकांची घनता आणि जमिनीचे ज्ञान यांवर अवलंबून असते.