तीळ काढताय? एक मिनिट!

ओठाच्या वर असला तर ब्यूटी स्पॉट, नाकाच्या शेंड्यावर असला तर कटकट! तीळ तोच, पण जागा बदलली की भाव बदलतो. तळहातावर तीळ म्हणजे पैसा, तळपायावर म्हणजे प्रवास, असं छातीठोकपणे सांगणारी एक तरी मावशी प्रत्येक घरात असतेच. तळपायाच्या तिळाकडे मीही येणार आहे, पण भविष्य सांगायला नाही.

मध्यंतरी माझ्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि हनुवटीवरचा जुना तीळ तिला एकदम खुपायला लागला. पार्लरमध्ये 'लेझरनं पाच मिनिटांत गायब' अशी ऑफर होती. तिच्यासोबत जायचं म्हणून मी थोडा गृहपाठ केला, आणि आम्ही पार्लरऐवजी थेट स्किन स्पेशालिस्टकडे गेलो.

मुळात तीळ म्हणजे काय? त्वचेला रंग देणारं मेलॅनिन ज्या पेशी बनवतात, त्या मेलॅनोसाइट्स. एरवी त्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी सुट्या सुट्या, अंतर राखून बसलेल्या असतात. मग एखादीच्या जनुकात छोटासा बदल होतो, बहुतेकदा 'बीआरएएफ' नावाच्या जनुकात, आणि तिची संख्या वाढायला लागते. त्या पेशींचा घोळका म्हणजे आपला तीळ. गंमत म्हणा की धास्ती, याच जनुकातला बदल मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये सापडतो. पण तिळातल्या पेशी थोड्या वाढून ब्रेक मारतात आणि वर्षानुवर्षं तशाच गुमान बसून राहतात.

कुणाला किती तीळ येणार, हे काही अंशी घराण्यावर आणि काही अंशी लहानपणी अंगावर घेतलेल्या उन्हावर ठरतं. बहुतेक तीळ लहानपणापासून तिशीपर्यंत येतात, प्रेग्नन्सीत थोडे गडद होऊ शकतात आणि म्हातारपणी काही चक्क पुसटही होतात. म्हणूनच चाळिशीनंतर एखादा नवा उगवला, तर तो डॉक्टरांना दाखवलेला बरा. (आईच्या गालावरचे बारीक काळे दाणे मात्र बऱ्याचदा तीळ नसतातच, आणि ते निरुपद्रवी असतात.)

आपल्या सावळ्या कातडीला मेलॅनिनचं कवच असल्यामुळे भारतात मेलॅनोमा अगदी क्वचित दिसतो. पण दिसतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली, जिथे बघायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. रेगेचा बादशहा बॉब मार्ली आठवतोय? १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा सापडला. आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. १९८१ मध्ये तो गेला, अवघ्या ३६ व्या वर्षी. हा प्रकार उन्हामुळे होत नाही, त्यामुळे इथे सनस्क्रीनची महागडी ट्यूबही कामाची नाही.

आता त्या पाच मिनिटांच्या लेझरविषयी. लेझर तीळ जाळतं, म्हणजे तपासायला तुकडाच उरत नाही. वरवर काढलेल्या तिळाच्या खाली पेशी राहिल्या, तर रंग परत येतो, आणि असा परतलेला साधा तीळसुद्धा मायक्रोस्कोपखाली मेलॅनोमासारखा दिसून गोंधळ उडवू शकतो. मैत्रिणीच्या डॉक्टरांनी आधी डर्मोस्कोप नावाच्या दिव्याच्या भिंगातून तीळ पाहिला, जागा बधिर करून ब्लेडनं काढला आणि तुकडा लॅबला पाठवला. रिपोर्ट आला, साधा तीळ! तेव्हा कुठेही गेलात तरी 'तुकडा लॅबला जाणार ना?' हे आधी विचाराच.

बाकी अंगभर तीळ मोजत बसू नका. एक अर्धा भाग दुसऱ्यासारखा नसणं, कडा फाटक्या, एकाच तिळात दोन-तीन रंग, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा आकार, रक्त येणं, आणि मुख्य म्हणजे काही महिन्यांत बदलणं, अशा तिळासाठी अपॉइंटमेंट घ्या. बाकीच्या भावंडांत एकच वेगळा दिसत असेल, तरीही. एकाच नखावर नवीन काळी रेघ येऊन रुंद होत असेल, तर तीही दाखवा.

शंका वाटली, तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून मोबाइलवर फोटो काढा, तारीख आपोआप पडते. तळपायाचा फोटो मात्र दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यावा लागतो. रूममेटला आधी कारण सांगा, मग पाय पुढे करा!