फुकटची वेबसाइट, पण चावी कुणाच्या हाती?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेची वेबसाइट एके दिवशी उघडेनाशी झाली. पत्ता बरोबर होता, इंटरनेट चालू होते, पण पान काही येईना. आम्हाला वाटले, काहीतरी बिघाड असेल, होईल दुरुस्त. चौकशी केली तेव्हा कळले की, ज्या कंपनीच्या फुकट सेवेवर आम्ही वेबसाइट उभी केली होती, तिने ती सेवाच बंद केली आहे. तशी आगाऊ सूचनाही तिने ई-मेलवर पाठवली होती. परंतु तो ई-मेल उघडणारी मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली आणि पासवर्ड दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही!

गेले काय? अभ्यासिकेला पहिली पुस्तके देणाऱ्यांची नावे गेली, जुने फोटो गेले आणि चार वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी गेल्या. मुलांनी त्या समोर बसून थेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. कागदावर एक ओळ नव्हती. त्या चौघांपैकी दोघे आज हयात नाहीत.

नंतर सभा झाली. गिरणीत हयात घालवलेले एक काका म्हणाले, "गिरणी बंद झाली तेव्हा दारावर नोटीस लागली होती. ती आम्ही वाचली तरी होती. ही नोटीस कुणी वाचलीच नाही." त्यावर कुणाला उत्तर देता आले नाही.

वाचकहो, आज बचत गट, महिला मंडळ, शिकवणीचे वर्ग, घरगुती शिवणकाम, जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या भगिनी, या सर्वांना वेबसाइट हवीशी वाटते. ती फुकट करता येते, हेही खरे. एमएस-सीआयटी झालेली मुलगी वा मुलगा चार दिवसांत ती शिकू शकतो. पण साधन निवडताना आमच्याकडून जी चूक झाली, ती आपल्याकडून होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

फुकट वेगळे, मुक्त वेगळे

फुकट म्हणजे पैसे द्यावे लागत नाहीत, एवढेच. एखाद्याने आपल्याला बिनभाड्याने खोली दिली, तरी खोली त्याचीच राहते. तो म्हणेल त्या दिवशी सामान उचलावे लागते. इंटरनेटवर असे अनेकदा घडले आहे. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेवर लाखो लोकांनी आपापली पाने फुकट उभारली होती. याहू कंपनीने १९९९ साली ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. छोट्या दुकानदारांना गूगलच्या व्यवसाय-नोंदणीतून जी साधी फुकट वेबसाइट मिळत असे, तीही मार्च २०२४ मध्ये बंद झाली. कंपनी कितीही मोठी असो, तिला परवडेनासे झाले की ती दुकान आवरते.

मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. ते कुणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे, अशी परवानगी लेखी दिलेली असते. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली असा एक परवाना तयार केला. त्याला जीपीएल म्हणतात. त्याचा उपयोग काय, हे एका उदाहरणावरून कळेल. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणाने 'बी-टू' नावाचे सॉफ्टवेअर तयार केले होते. पुढे त्याचे काम थांबले. पण परवाना जीपीएल होता. म्हणून अमेरिकेतला अवघ्या १९ वर्षांचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी तेच काम उचलले, पुढे नेले आणि मे २००३ मध्ये त्यातून 'वर्डप्रेस' जन्मले. आज जगातल्या दर १० वेबसाइटपैकी ४ हून अधिक वर्डप्रेसवर चालतात. करणारा थांबला, पण काम बुडाले नाही. मुक्त म्हणजे हे.

नवख्याने काय निवडावे?

सर्वांत सोपे गूगल साइट्स. गूगलचे खाते असले की पुरे. जाहिराती नाहीत, मजकूर आणि फोटो ओढून ठेवायचे, झाले. पाच-सहा पानांची माहिती द्यायची असेल तर चालेल. पण ही खोली गूगलची, हे विसरू नये.

विक्ससारख्या सेवा दिसायला फार देखण्या. मात्र तिथे केलेली वेबसाइट जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही, असे ती कंपनी स्वतःच सांगते. रंगरूपाला भुलण्याआधी एवढे लक्षात असू द्यावे.

वर्डप्रेस दोन रूपांत मिळते आणि इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. वर्डप्रेस डॉट कॉम ही कंपनीची सेवा आहे. तिथे फुकट सुरुवात करता येते, पण पानावर जाहिराती येतात आणि पत्त्यात त्यांचे नाव राहते. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळते ते मूळ मुक्त सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, परंतु ठेवायला इंटरनेटवर जागा भाड्याने घ्यावी लागते आणि देखभाल आपणच करायची असते. शिकणाऱ्याने पहिल्यापासून सुरुवात करावी, हात बसला आणि चार पैसे जमले की दुसऱ्याकडे जावे. मजकूर एका फाइलमध्ये बाहेर काढून सोबत नेता येतो. मात्र फोटो त्या फाइलमध्ये नसतात. ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात. वर्डप्रेसवरील सूचना मराठीतूनही मिळतात, हा आणखी एक फायदा.

ज्या मुलांना खरोखर शिकायचे आहे, त्यांनी नोटपॅडमध्ये एचटीएमएल लिहून पाहावे. त्याला एक पैसा लागत नाही. ते पान आपल्याच कॉम्प्युटरवर, इंटरनेट नसतानाही उघडते.

मजकूर युनिकोड मराठीतच टाइप करावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर अगम्य चिन्हे होऊन बसतो. पत्रकाचा नुसता फोटो लावला, तर त्यातला मजकूर शोधून सापडेलच असे नाही.

निवडीपूर्वी चार प्रश्न

आमच्या सभेने शेवटी चार प्रश्न ठरवले. उद्या ही सेवा बंद पडली, तर आपला मजकूर बाहेर काढता येईल का? पैसे आज नाहीत, पण पुढे किती आणि कशाचे लागतील? करणारी व्यक्ती गावी गेली, तर दुसऱ्या कुणाला काम जमेल का? आणि सर्वांत महत्त्वाचे, चावी कुणाकडे?

या प्रश्नांवर तोलून आम्ही वर्डप्रेसची फुकट सेवा घेतली. ई-मेल कुणा एकाच्या नावाने न काढता अभ्यासिकेच्या नावाने काढला. पासवर्ड दोन बंद पाकिटांत घालून एक चिटणीसांकडे, एक खजिनदारांकडे दिला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मजकूर आणि फोटो बाहेर काढून पेन ड्राइव्हवर ठेवायचे ठरले. नुसते ठेवायचे नाही, ते उघडतात का हेही पाहायचे. बारावीतल्या दोन मुली हे काम करतात आणि नववीतल्या दोघांना शिकवतात.

राहता राहिल्या आठवणी. हयात असलेल्या दोघांपैकी एका आजींकडे आम्ही पुन्हा गेलो. त्या म्हणाल्या, "मागं सांगितलं होतं की रे सगळं!" आम्ही खाली मान घालून जे घडले ते सांगितले. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या. काही नावे त्यांना आता आठवेनात. या वेळी मुलींनी ते आधी वहीत लिहून घेतले, आजींना वाचून दाखवले आणि मगच कॉम्प्युटरवर घेतले. ती वही अभ्यासिकेच्या कपाटात आहे.

जे दोघे गेले, त्यांचे शब्द मात्र परत येणार नाहीत. तेव्हा बंधुभगिनींनो, वेबसाइट जरूर करा, फुकट करा, आपल्या मुलामुलींकडून करून घ्या. पण त्या आधी वहीत लिहा आणि चावी आपल्या हाती ठेवा.