मनावरचा ताण आणि फोनवरचे समुपदेशन

ऑनलाइन समुपदेशन म्हणजे प्रशिक्षित समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी फोनवर अथवा व्हिडिओ कॉलवर वेळ ठरवून केलेली बातचीत. मुलांचे शिक्षण, घरातल्या म्हाताऱ्यांची दुखणी आणि पैशाची ओढाताण एकाच वेळी सांभाळणाऱ्या आईवडिलांना तिचा विशेष उपयोग होतो. नातेवाईक सल्ला देतात, धीर देतात. समुपदेशक आधी ऐकून घेतो, प्रश्न विचारून अडचण नीट मांडायला मदत करतो आणि तिच्यातल्या कोणत्या भागावर आजच काही करता येईल, हे त्या माणसाबरोबर बसून ठरवतो.

अकलूजमधली निकड

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात नीरेकाठी वसलेले अकलूज ऊस, साखर कारखाना, शाळा-महाविद्यालये आणि दवाखाने यांमुळे आसपासच्या गावांची बाजारपेठ बनले आहे. इथल्या ताणाची कारणेही याच जगण्यातून येतात. तोडणीची टोळी वेळेवर येईल का, उसाचे बिल कधी जमा होईल, सोसायटीचे कर्ज कसे फेडायचे, हे प्रश्न हंगामभर डोक्यात असतात. ऊस गाळपाला गेल्यापासून 14 दिवसांत रास्त आणि किफायतशीर दर द्यावा, असे कायदा सांगतो. पैसे लांबले की क्लासची फी, दवाखाना आणि बँकेचा हप्ता सगळेच एकदम अंगावर येते. त्यातच मुलगा किंवा मुलगी ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला किंवा पुण्याला ठेवलेली असेल, तर प्रत्येक चाचणीच्या गुणांबरोबर घरातली झोप उडते.

हा ताण आधी शरीरावर दिसतो. झोप लागत नाही, छातीत धडधडते, पित्त वाढते, बारीकसारीक गोष्टींवरून मुलांवर हात उगारला जातो. बीपी, शुगर, ईसीजी सगळे तपासून होते आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतात. ‘थोडं टेन्शन आहे’ म्हणून विषय तिथेच मिटवला जातो.

पुढची पायरी न चढण्याला दोन कारणे असतात. पहिले अंतर. सोलापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अकलूजहून शंभरावर किलोमीटर दूर आहे. राज्याची जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. अकलूजला रेल्वे नाही, त्यामुळे एका भेटीसाठी एसटीत आणि रांगेत अख्खा दिवस जातो, कामाचा खाडा होतो. दुसरे कारण ओळखीचे. एवढ्याशा गावात मानसोपचाराच्या दवाखान्याबाहेर लावलेली मोटारसायकलसुद्धा कोणाची ते लोकांना कळते, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू असलेल्या घराला हीच भीती सर्वांत मोठी वाटते. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

14416 वर काय होते

केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. बेंगळुरूची निमहान्स ही तिची मध्यवर्ती संस्था आहे. 14416 किंवा 1800-891-4416 या क्रमांकांवर ती चोवीस तास आणि विनामूल्य मिळते. साध्या बटणाच्या फोनवरूनही बोलता येते आणि मराठीची सोय आहे.

फोन लागला की आधी भाषा निवडायची असते. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलायला येतो. बारावीतला मुलगा खोलीबाहेर येत नाही म्हणून एखाद्या वडिलांनी फोन केला, तर पहिले प्रश्न साधे असतात: हे कधीपासून आहे? जेवण-झोप कशी आहे? जीव द्यायचे कधी बोलला का? या शेवटच्या प्रश्नाने पालक दचकतात. पण तसे विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट धोका वेळीच ओळखता येतो. नंतर प्रश्न वडिलांकडे वळतात: तुम्ही स्वतः किती झोपता? घरात मार्कांशिवाय दुसरे काय बोलणे होते? पहिल्या फोनअखेर ठरते ते छोटेच असते. आठवडाभर जेवताना अभ्यासाचा विषय काढायचा नाही, रोज संध्याकाळी दोघांनी थोडे चालून यायचे आणि ठरल्या दिवशी पुन्हा फोन करायचा. गरज दिसली तर समुपदेशक फोन मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडतो किंवा प्रत्यक्ष तपासणीसाठी जिल्ह्यातल्या सरकारी सेवेकडे पाठवतो.

विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांसाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा ‘मनोदर्पण’ उपक्रम जुलै 2020 पासून आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवाही फोन आणि ईमेलवरून समुपदेशन करते.

गुण येतो का?

नैराश्य आणि चिंता यांवर विचार-वर्तन उपचारपद्धती इंटरनेटवरून, तज्ज्ञाच्या मार्गदर्शनासह दिली, तर तिचा गुण समोरासमोरच्या उपचाराच्या जवळपास येतो, असे अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसले आहे. समुपदेशक डॉक्टरच असावा लागतो असेही नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिले. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या आणि रुग्णांत स्पष्ट सुधारणा झाली. हे निष्कर्ष 2017 साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांतल्या ‘विश्राम’ उपक्रमाचाही अहवाल प्रसिद्ध झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले होते. हे दोन्ही प्रयोग प्रत्यक्ष भेटींचे होते. गावाच्या बोलीत बोलणारा, शिकलेला माणूस भेटला तर लोक मन मोकळे करतात, हे त्यांतून दिसते, आणि फोनसेवेलाही हाच नियम लागू आहे.

आधी काय पाहावे

खासगी सेवा घेताना समोरच्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि तो औषध लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. पूर्ण बरे करण्याची हमी देणाऱ्यापासून लांब राहावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश, असे मोजकेच अपवाद त्याला आहेत.

घरातली गोपनीयता मात्र स्वतःच सांभाळावी लागते. दोन खोल्यांच्या घरात, सासू-सासरे आणि मुलांसमोर सुनेने मनातले बोलायचे कसे? शेताचा बांध, बंद गाडी, मुले शाळेत गेल्यानंतरचा तास अशी जागा आणि वेळ आधी ठरवावी, इअरफोन वापरावा. फोन दुसऱ्याच्या हाती जात असेल तर कॉलची नोंद पुसावी.

मर्यादा

आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल, माणसाला भास होत असतील, किंवा दारू अचानक सोडल्याने हातपाय थरथरून भान हरपत असेल, तर फोनवर बोलत बसण्यात वेळ घालवू नये. 108 ची रुग्णवाहिका बोलावून थेट रुग्णालय गाठावे. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक आहेत. बिल थकल्याचा किंवा कर्जाचा प्रश्न समुपदेशनाने सुटत नाही. त्या प्रश्नाशी झगडायला लागणारी झोप, शांत डोके आणि घरच्यांची साथ मात्र त्यातून परत मिळू शकते.

म्हणून अकलूजसारख्या ठिकाणी फोनसेवेला जवळच्या माणसांची जोड हवी. शाळेची पालकसभा, कारखान्याचे गट कार्यालय, उपजिल्हा रुग्णालयाची बाह्यरुग्ण खिडकी इथे 14416 हा क्रमांक ठळक लावता येईल. रिपोर्ट नॉर्मल आलेल्या रुग्णाला फॅमिली डॉक्टरांनी ‘झोप कशी आहे, घरी सगळे ठीक ना?’ एवढे विचारून तोच क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला, तर मदत मागायला संकोचणारा माणूसही पहिला फोन करील.