नाव खोडलं, ओळख उरली

इंदूरच्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर मी गेली पाच वर्षं आहे. मी डॉक्टर नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. पण कायद्यालाच तिथे एक सामान्य माणूस हवा असतो. २०१९ च्या औषध चाचणी नियमांप्रमाणे अशा समितीत किमान सात सभासद लागतात. त्यांत एक स्त्री, एक कायद्याचा जाणकार आणि एक सर्वसामान्य नागरिक असावाच लागतो. नव्या औषधाची चाचणी आमच्या मंजुरीशिवाय सुरू होत नाही.

"काकू, तुमच्यापुढे काय काय येतं हो?" मंडळाच्या कार्यक्रमात हा प्रश्न हमखास येतो. ते सांगता येत नाही, गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे. पण बैठकीत मी सर्वांत जास्त प्रश्न कशावरून विचारते ते सांगते: भाग घेणाऱ्या माणसाची ओळख.

"आपले नाव गुप्त ठेवले जाईल" हे वाक्य संमतीपत्रात असतंच. पद्धत अशी, की प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक मिळतो. तपासण्या, प्रश्नावली, सगळं त्या क्रमांकावर. कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी वेगळी कुलपात. पद्धत चांगली आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. जन्मतारीख, पिनकोड आणि स्त्री की पुरुष, एवढं मात्र ठेवलं होतं. १९९७ च्या सुमारास लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरना विकत घेतली आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख शहरात सहाच जणांची होती. त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडमधला एकच. गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद हाती आली!

यात गणित सोपं आहे: प्रत्येक माहिती एक चाळणी असते, आणि तीन-चार चाळण्यांनंतर एकच माणूस उरतो.

आता आपल्याकडे या. समजा, एखाद्या लेखात छापलं, "४१ वर्षांची मराठी स्त्री, रामबागेत राहणारी, संगीत शिकवते, लहानपणापासून फिट्स येतात." नाव नाही. पण आपल्यातल्या दहा जणी तरी म्हणतील, "अगं, ही तर आपली अमकी!" इथे मराठी माणसं एकमेकांना तीन-तीन पिढ्या ओळखतात. हाच आपला आधार, आणि अशा वेळी हीच अडचण. फिट्स, क्षय, मनाचा आजार यांची कुजबूज धाकट्या बहिणीच्या स्थळापर्यंत पोचते. म्हणून मी विचारते: वस्ती लिहायची गरज काय? नेमक्या वयाऐवजी "४० ते ४५" चालणार नाही का? बहुतेकदा चालतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात, की छायाचित्रातून किंवा माहितीच्या मांडणीतून ओळख उघड होण्याची शक्यता असेल, तर छापण्याआधी पुन्हा संमती घ्यावी.

तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला संशोधनात भाग घ्यायला सांगितलं, तर सही करण्याआधी एवढं विचारा:

माझी कोणकोणती माहिती घेणार? ती कोण पाहणार? (संशोधकांखेरीज कंपनीचे तपासनीस, आमची समिती आणि सरकारी अधिकारीही पाहू शकतात. हे माहितीपत्रकात लिहिलेलं हवं.) माझं रक्त किंवा नमुना पुढे दुसऱ्या कामासाठी ठेवणार का? मी मधूनच बाहेर पडले तर आधी दिलेल्या माहितीचं काय?

माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. समितीचा संपर्कही त्यात असतो. शंका आली तर बिनदिक्कत फोन करा.

हे वाचून कोणी संशोधनाला पाठ फिरवू नये. आज आपण घेतो त्या गोळ्या कोणा अनोळखी माणसांनी आधी स्वतःवर घेऊन पाहिल्या आहेत. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, आणि ती तशी ठाऊक नसणं हेच योग्य आहे.